बी पेरायचं ते संक्रांतीला!

मंडळी, दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला, शुगर लँडमधल्या कुठल्या ना कुठल्या बॅकयार्डात एक नाट्यप्रयोग रंगतो. ग्रिलवर मक्याची कणसं असतात, हातात पन्ह्याचे ग्लास असतात, आणि यजमान आपल्याला कौतुकाने कुंपणापाशी घेऊन जातात. तिथे पाच-पाच फूट उंच, हिरवीगार, झोकात डोलणारी टोमॅटोची झाडं उभी असतात. टोमॅटो मात्र एकही नसतो. मग यजमान तो सुप्रसिद्ध संवाद म्हणतात, "काय कळत नाही बुवा! फुलं येतात, पण गळून पडतात."

त्यावर जमलेल्या मंडळींचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं माती बदला, कुणी एप्सम सॉल्ट सुचवतं, कुणी ताक घालायला सांगतं, कुणी मधमाश्याच कमी झाल्यात म्हणून हळहळतं. एक काकू हळूच "दृष्ट काढा" असंही सुचवतात. पण "बी कधी पेरलं होतं?" हा एक प्रश्न कुणी विचारत नाही. विचारलाच तर उत्तर ठरलेलं असतं, "पाडव्याला! मुहूर्तावर!"

हा लेख त्या मुहूर्ताविरुद्ध आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. शुगर लँडमध्ये टोमॅटो, मिरची आणि वांगी यांचं बी भर हिवाळ्यात, घरात पेरलं पाहिजे. नाताळ ते संक्रांत हा त्याचा काळ. पाडव्याला पेरणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं.

हे म्हटलं की पहिला आक्षेप येतो तो असा, "अरे, घरात दिवे लावून बी रुजवणं वगैरे थेरं शिकागो आणि न्यू जर्सीवाल्यांची. त्यांच्याकडे बर्फ. आपल्याकडे कुठे आहे हिवाळा? सरळ जमिनीत टाकायचं!" हा आक्षेप मी गेली वीसेक वर्षं ऐकतोय, आणि पहिली कित्येक वर्षं मी स्वतःच तो इतरांना ऐकवत होतो. तो पूर्ण उलटा आहे. शिकागोपेक्षा इथेच हिवाळ्यात बी पेरण्याची गरज जास्त आहे, कारण टोमॅटोचा इथला खरा शत्रू थंडी नाही, उन्हाळा आहे.

टोमॅटो हे नाजूक प्रकृतीचं झाड. दिवसाचं तापमान ९० च्या बरंच वर आणि रात्रीचं ७५ फॅरनहाइटच्या वर राहू लागलं की त्याचे परागकण निकामी होतात. फूल येतं, पण फळ धरत नाही आणि देठापासून गळतं. यात ताकाचा, मातीचा किंवा दृष्टीचा काही संबंध नाही. आता आपल्याकडची रात्र आठवा. जून लागला की पहाटे चारला दार उघडलं तरी चष्म्यावर वाफ धरते. त्यानंतर थेट सप्टेंबरपर्यंत पारा ७५ च्या खाली फारसा उतरत नाही. शिकागोला जुलैतही रात्री साठीत असतात, म्हणून तिथला माणूस मार्चमध्ये घरात बी पेरून मेमध्ये रोप बाहेर लावतो आणि सप्टेंबरपर्यंत आरामात टोमॅटो खातो. आपल्याला मिळतो एप्रिल आणि मे. दोन महिने! त्यात ज्याला फळ धरायचं त्याने धरावं.

आमच्या आयटीच्या धंद्यात प्रोजेक्टचं वेळापत्रक डेडलाइनपासून उलटं मोजत आणतात. तसंच इथे करू. फळ धरायची डेडलाइन मे अखेर. म्हणजे झाड एप्रिलच्या मध्याला फुलावर आलं पाहिजे. म्हणजे रोप मार्चच्या पहिल्या आठवड्यात जमिनीत गेलं पाहिजे, आणि आपल्या भागातला शेवटचा फ्रॉस्टही साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून अखेरीपर्यंत उरकलेला असतो. लावणीच्या वेळी रोप सहा ते आठ आठवड्यांचं हवं. मार्चच्या पहिल्या आठवड्यातून सात आठवडे मागे मोजा. कुठली तारीख येते? १४ जानेवारी! संक्रांत!

पाडव्याचा हिशोबही करून बघा. पाडवा येतो मार्चच्या मध्यानंतर, कधी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातसुद्धा. त्या दिवशी पेरलेलं बी लावणीजोगं रोप होईपर्यंत मे उजाडतो आणि फुलावर येईपर्यंत जून. म्हणजे मेमोरियल डेचा नाट्यप्रयोग हाऊसफुल्ल!

यात पाडव्याचा अपमान नाही. पाडवा आपल्या देशातल्या ऋतूंना धरून आहे आणि तिथे तो बरोबरच आहे. पण शुगर लँड साधारण साडेएकोणतीस अक्षांशावर आहे, म्हणजे दिल्लीच्याही थोडं उत्तरेला. उत्तर भारतातला शेतकरी उन्हाळी टोमॅटोचं रोप नोव्हेंबरच्या सुमारास टाकतो, थंडीत त्याला जपतो आणि लू सुरू होण्याआधी माल काढतो. त्याला कुणी "थेरं" म्हणत नाही.

दुसरा आक्षेप असा, "एवढा खटाटोप कशाला? फेब्रुवारीत दुकानात तयार रोपं मिळतात की!" हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो मी मान्य करतो. नुसता टोमॅटो हवा असेल तर फेब्रुवारी अखेरीस चांगलं रोप आणून लावा, खुशाल लावा, पाडव्याच्या बियांपेक्षा ते शंभर पटीने बरं. पण दुकानात तुम्हाला तेच मिळणार जे दुकानाला विकायचं आहे. भरल्या वांग्याचं मांजरी गोटा तिथे कोण ठेवणार? ठेच्यासाठी लवंगी मिरची? वांग्याच्या रांगेत एक भलंमोठं काळं, गुळगुळीत, फुटबॉलसारखं वांगं असतं आणि मिरचीच्या रांगेत हलापिन्यो. त्यावर समाधान असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण मग दिवाळी पॉटलकला "आपल्याकडच्या वांग्यांची चव नाही हो इथे" हा सूर लावायचा नाही.

शिवाय तयार रोपाबरोबर काय काय घरी येतं हेही लक्षात ठेवा. २००९ साली ईशान्येकडच्या राज्यांत लेट ब्लाइट या रोगाने टोमॅटोचा फडशा पाडला होता. मोठ्या दुकानांतून गावोगावी विकली गेलेली रोगट रोपं हे त्या साथीच्या फैलावाचं एक प्रमुख कारण ठरलं.

तिसरा आक्षेप, "वेळ कुठे आहे?" मंडळी, आपण सोमवारी सॉकर, मंगळवारी कुमॉन, बुधवारी भरतनाट्यम आणि रविवारी मराठी शाळा इतकं ड्रायव्हिंग करणारी माणसं. रोपांना रोज लागतात पाच मिनिटं. आणि हे काम आपल्याला येत नाही असंही नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नवरात्रात घट बसतात. परडीत माती घालतो, धान्य पेरतो, रोज पाण्याची धार धरतो, दसऱ्याला वीतभर कोंब टोपीत खोवतो. घरात बी रुजवणं म्हणतात ते हेच! फक्त घटाचे कोंब पिवळे, लांब आणि लेचेपेचे असतात, कारण देवघरात उजेड कमी. तिथे ते शोभतं. टोमॅटोच्या बाबतीत तीच चूक आपण खिडकीत करतो. जानेवारीतल्या खिडकीचा उजेड पुरत नाही, रोप उजेडाकडे मान लांब करत जातं आणि एक दिवस आडवं होतं. गराजमध्ये लावतात तसला साधा एलईडी ट्यूबलाईट रोपांच्या डोक्यावर दोन-तीन इंचांवर टांगा आणि रोज चौदा ते सोळा तास चालू ठेवा. टायमर लावला तर आठवणही ठेवायला नको.

बाकीचं थोडक्यात सांगतो. बागेतली माती घेऊ नका. आपली इथली चिकट काळी माती, जिला इथले लोक गंबो म्हणतात, कपात घातली की विटेसारखी होते. कोकोपीट किंवा बी रुजवण्याचं हलकं मिश्रण घ्या. कपाला तळाशी भोकं पाडा. बी पाव इंच खोल पेरा. टोमॅटोला रुजायला ७५ ते ८० अंशांची ऊब हवी, मिरची-वांग्याला त्याहून थोडी जास्त. फ्रिजच्या माथ्यावर किंवा हीट मॅटवर ती मिळते. कोंब दिसला की त्याच दिवशी दिव्याखाली. पाणी खालून ताटलीत द्या आणि वरची माती थोडी सुकू द्या. मायेने रोज पाणी ओतलंत तर बुरशी लागून रोपं बुंध्याशी कोलमडतात. फेब्रुवारीच्या शेवटी आठवडाभर रोपं दिवसा बाहेर, रात्री आत अशी कणखर करून घ्या. मगच लावणी, आणि तीही गादीवाफ्यात, कारण आपल्या मातीत पाणी साचतं. मिरची आणि वांगी सावकाश वाढतात, त्यांचं बी नाताळच्या सुट्टीत पेरा आणि रोपं जमीन उबदार झाल्यावर, मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावा.

सगळंच असं घरात पेरायचं का? नाही. भेंडी, गवार, दोडका, पडवळ, दुधी ही उन्हाळ्याची लेकरं. त्यांना मार्च-एप्रिलमध्ये सरळ जमिनीत टोका. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा यांना ऊन सोसत नाही, ती सप्टेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत बाहेरच पेरा. म्हणजे हिवाळा हा आपला रब्बी हंगाम आहे, आणि आपण मात्र त्या दिवसांत "आता थंडी आहे, मार्चमध्ये बघू" म्हणून गराजचं दार लावून घेतो. माझी आई पहिल्यांदा डिसेंबरात इथे आली तेव्हा बॅकयार्डात उभी राहून तिने विचारलं होतं, "अरे, एवढा गोड गारवा आहे, आणि तुम्ही जमीन मोकळी का ठेवलीये?" मी तिला अमेरिकन गार्डनिंगवर दहा मिनिटं लेक्चर दिलं. तिने ऐकून घेतलं.

आता तो प्रसंग सांगतो, ज्याच्यामुळे मी हा लेख इतक्या तावातावाने लिहितोय.

सिन्नरजवळच्या आमच्या गावी, घरामागच्या परसात आई एक गावरान टोमॅटो लावत असे. छोटा, चपटा, अंगावर भोपळ्यासारख्या खाचा आणि आंबट असा की आमटीला चिंच लागत नसे. ते बी तिला तिच्या सासूबाईंकडून मिळालेलं. दर वर्षी एक चांगलं फळ झाडावरच पिकवायचं, बी धुऊन राखेत वाळवायचं आणि कागदाच्या पुडीत बांधून फडताळात ठेवायचं. २०१३ साली मी तिच्याकडे ते बी मागितलं. बॅगेत दडवून आणायचं नाही हे मी ठरवलं होतं. त्याबद्दलही दोन शब्द ऐका. पेरायचं बी इथे आणायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, किंवा थोडक्या बियांसाठी यूएसडीएचं एक परमिट मिळतं. त्यात एका जातीच्या एका पाकिटात ५० बिया किंवा १० ग्रॅमपर्यंत चालतं. ते काढा, उगाच लोणच्याच्या बरणीमागे पुड्या लपवू नका. बी, रोपं, फांद्या यांच्याबरोबर रोग आणि किडी प्रवास करतात. आपल्या लाडक्या कढीपत्त्यावर राहणारा सिट्रस सिलिड हा किडा संत्र्या-लिंबांचा ग्रीनिंग रोग पसरवतो, आणि तो रोग २०१२ साली टेक्सासच्या रिओ ग्रांद खोऱ्यात सापडलाच.

तर परमिट काढलं आणि आईने ५० बिया मोजून पाठवल्या. पाकिटावर तिच्या अक्षरात "गावरान, आंबट" असं लिहिलेलं होतं. मी ते पाकीट हिवाळाभर डेस्कच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि पाडव्याला, मुहूर्तावर, पुढे-मागे न बघता सगळ्याच्या सगळ्या ५० बिया पेरल्या. रोपं झकास आली. मी फोटो काढून आईला पाठवले. जूनमध्ये फुलं आली आणि गळली. जुलैत ढेकण्यांनी आणि कोळ्यांनी झाडं वाळवली, मी ती उपटून टाकली. इथे जुलैत बी पेरून शरदातलं दुसरं पीक घेता येतं हे मला नंतर कळलं. पण पेरायला बीच उरलं नव्हतं.

"परत पाठव" असं मी आईला म्हणालो. त्या वर्षी वडिलांच्या तब्येतीमुळे दोघं नाशिकला फ्लॅटमध्ये राहायला आले होते. परस गेलं. फडताळातल्या पुड्या सामान आवरताना कुठे गेल्या ते तिला आठवेना. गावात चौकशी केली तर सगळीकडे हायब्रीड. त्यांचं काही चुकलं नाही, मुंबईपर्यंत ट्रकमध्ये न फुटणारा टोमॅटो लागतो. पण तो आंबट, खाचांचा टोमॅटो आमच्या घरातून गेला. दोन पिढ्यांनी सांभाळलेलं बी मी एका मुहूर्तापायी संपवलं. आई काही बोलली नाही. "असू दे रे," एवढंच म्हणाली. ते अजून टोचतं.

आमच्या गावापासून फार लांब नाही, अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता अनेक गावरान वाणांचं बी जमवलं, जपलं, वाटलं. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी जपायचं म्हणजे पुडी कपाटात ठेवायची, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. कपाटातलं बी हळूहळू मरतं. मिरचीचं दोन-तीन वर्षांत, टोमॅटो-वांग्याचं चारेक वर्षांत. ते वेळेवर पेरून, फळ धरून, नवं बी काढलं तरच जपलं जातं. आणि वेळेवर म्हणजे आपण राहतो तिथल्या वेळेवर.

"आणि फ्रीझ आला तर?" हा शेवटचा आक्षेप. येतोच. फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्यूस्टनला पारा १३ फॅरनहाइटपर्यंत उतरला, ते दिवस आपल्यापैकी कोण विसरेल? ज्यांनी घाईने बाहेर लावणी केली होती त्यांचं सगळं गेलं. आमचे ट्रे घरात होते. वीज गेली, घर गार पडलं, आणि आम्ही चौघं व साठ रोपं एकाच बेडरूममध्ये रजया पांघरून झोपलो. मिरच्या बऱ्याच गेल्या, टोमॅटो तगले. घरात, ट्रेमध्ये असलेलं रोप उचलून नेता येतं, हाच तर हिवाळ्यात आत पेरण्याचा फायदा!

आता मंडळाला एक सूचना, आणि ती करताना वहिनींनी रागावू नये ही विनंती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, चमचे, मेणबत्त्या. माझ्या घरातल्या एका ड्रॉवरमध्ये गेल्या दहा वर्षांचं वाण आहे, एकही वस्तू वापरात नाही. या वर्षी वाणात रोप द्या. नाताळच्या सुट्टीत प्रत्येक घरी वीस-पंचवीस बिया पेरा. मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम जानेवारीच्या शेवटी असतो, तोवर सुगडाएवढ्या कपात दोन-चार पानांचं रोप तयार होतं. कपावर नाव लिहा, मांजरी गोटा, ज्वाला मिरची, टोमॅटो. ज्यांनी पेरलं नाही त्यांच्याही घरी वेळेवरचं रोप जाईल. मराठी शाळेतल्या मुलांना बी, कोंब, रोप, लावणी, आळं, गादीवाफा हे शब्द वर्कशीटवर न गिरवता हातांनी कळतील. मेमध्ये प्रत्येकाने एक फळ झाडावर पूर्ण पिकू द्यावं, बी काढून सुकवावं आणि पुडी पुढच्या संक्रांतीला परत आणावी. वाण या शब्दाचा दुसरा अर्थ बियाण्याची जात असाही आहेच.

आपलं हे गाव नावापुरतंच साखरेचं उरलंय. ब्रॅझोसकाठच्या या जमिनीत एके काळी ऊस होता, त्यामागे कैद्यांची सक्तीची मजुरी होती, आणि साखरेचा कारखानाही २००३ साली बंद झाला. माती मात्र तीच आहे, आपल्या सेंट ऑगस्टिनच्या हिरवळीखाली. तिला काय पिकवायचं ते येतं. कधी पेरायचं ते आपण शिकायचं आहे.

कुणाकडे तो खाचांचा, आंबट, गावरान टोमॅटो असेल तर मला ५० नकोत, पाच बिया द्या. या वेळी संक्रांतीला पेरीन. आणि पाचही नाही, तीनच पेरीन. दोन पुडीत ठेवीन.